स्वतःच्याच घरफोडीचा आरोपी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. लग्नकार्यात भेटणारे जुने सहकारी अजून म्हणतात, साहेब, तेवढं एक तुम्ही खात्याच्या विरोधात केलं. मी त्यांना तिथंच पंगतीत सांगतो, केलं ते बरोबर केलं आणि वेळ आली तर परत करीन. त्यांची समजूत काढत बसायचं माझं वय राहिलेलं नाही. म्हणून काय झालं ते एकदा लिहूनच ठेवतो. नावं कुणाचीच घेणार नाही.

मी कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. मंत्र्यांचा दौरा असल्यामुळे अर्धं ठाणं बंदोबस्तात होतं, मीही होतो. भर दुपारी नियंत्रण कक्षाला एका कॉलनीतून फोन आला. कळकट कपड्यातला एक अनोळखी इसम समोरच्या बंगल्याचं दार कटावणीनं उचकटतोय, लवकर या. ठाण्यात उरलेला एक हवालदार आणि चालक जीप घेऊन गेले.

दार उचकटणारा माणूस त्या बंगल्याचा मालक होता. शिरोली एमआयडीसीत त्याची स्वतःची फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना. बायको गारगोटीच्या शाळेत शिक्षिका, सकाळी जाताना दोन्ही किल्ल्या तिच्याच पर्समध्ये गेलेल्या. हा कामाच्या कपड्यांवर काही कागद न्यायला घरी आला होता. बायको संध्याकाळशिवाय येणार नाही, म्हणून स्वतःच्या दाराची कडी स्वतःच उचकटत होता. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी आयुष्यात कधीतरी हे केलेलं असतं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. हा माणूस ब्रिटिशांनी कायदा करून जन्मापासून गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एका जमातीतला. तो कायदा मोडीत निघून जमाना झाला, पण त्या आडनावांवरचा शिक्का आमच्या खात्यात अजून वाळलेला नाही.

मी बंदोबस्तावरून परतलो तेव्हा तो लॉकअपमध्ये होता. घर त्याचंच असल्याचं बायकोनं धावत येऊन सिद्ध केलं होतं, त्यामुळे घरफोडीचा विषय संपला होता. पण तोवर हवालदारानं दुसरी फिर्याद देऊन ठेवली होती. सरकारी कामात अडथळा, पोलिसाला धक्काबुक्की. गुन्हा दाखल, अटक झालेली. दुसऱ्या दिवशी कोर्टातून जामीन होईपर्यंत त्या माणसानं आमच्या ठाण्याचं पाणीही घेतलं नाही.

रस्त्यावरच्या कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तोवर गावभर झाला होता. हवालदार त्याला ओढतोय आणि तो ओरडतोय, "माझ्या उंबऱ्यावर मला हात लावायचा न्हाय!" झालं, गाव दोन भागांत वाटलं गेलं. एक मोर्चा आला, हवालदाराला निलंबित करा म्हणून. लगेच दुसरा आला, पोलिसांचं खच्चीकरण थांबवा म्हणून. तालमीत, कट्ट्यावर, रात्री चौकात म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला उभ्या असलेल्या लोकांत दुसरा विषय नव्हता. त्यानं आवाज कशाला चढवायचा, हा प्रश्न मला शहाण्यासुरत्या माणसांनी विचारला. मी विचारलं, तुमच्या घरातून तुम्हाला कुणी कॉलर धरून बाहेर काढलं तर तुम्ही काय, आरती म्हणाल?

तपास मी स्वतःकडं घेतला आणि सुरुवात आमच्या ठाण्यातूनच केली. हवालदार माझ्या हाताखाली बरीच वर्षं राबलेला, कामाचा माणूस. त्याला समोर बसवलं.

"घर माझं म्हणाला तो. मग तू काय विचारलंस?"

"आडनाव, साहेब."

"त्यानं सांगितलं?"

"व्हय."

"मग?"

"मग हात धरला."

"धक्का कुणी पहिला दिला?"

"दार उघडलं होतं, तो घराचे कागद आणायला आत वळला. मला वाटलं पळतोय. मीच ओढला की."

खात्यातली ही जुनी सवय. संशयिताचं आडनाव आणि गाव आधी विचारायचं, बाकी तपास त्यावरून पुढं चालतो. त्या दिवशी आडनाव ऐकल्यावर हवालदाराला समोरचं घरच दिसेनासं झालं. त्यानं मला खरं सांगितलं, एवढं त्याच्या बाजूनं मी आजही बोलतो.

मग फोन करणाऱ्याकडं गेलो. समोरच्याच बंगल्यात राहणारे निवृत्त सरकारी अधिकारी, बोलणं अगदी मोजूनमापून. चहा आला. ते म्हणाले, कॉलनी मोठी आहे, कोण कुठं राहतो कळत नाही, समोरच्यांना कधी नीट पाहिलेलंही नाही, आपण जागरूक नागरिक म्हणून फोन केला. जबाब लिहून घेतला. खोट काही सापडेना.

निघताना त्यांच्या गेटच्या कडीला हात घातला आणि तसाच थांबलो. ओतीव लोखंडाचं जड गेट, मधोमध किरणांचा सूर्य. रस्त्यापलीकडं बघितलं. त्या बंगल्याला तेच गेट, तोच सूर्य. बाजारात मिळणारा हा माल नव्हे, एकाच साच्यातून निघालेला होता. त्यांच्या पत्नी दारापर्यंत आल्या होत्या. मी सहज विचारलं, वहिनी, गेट झकास आहे, कुठून करून घेतलं?

"समोरच्या भावजींनीच दिलंय की," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वास्तुशांतीला आमचं जुनं गेट मोडलेलं बघितलं त्यांनी. स्वतः येऊन बसवून गेले."

मी वळून नवऱ्याकडं पाहिलं. त्यांनी बायकोला आत जायला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ओळखलं होतं मी. पण गेट बसवल्यानंतर काही दिवसांनी त्यांनी दारावर पाटी लावली, तेव्हा आडनाव कळलं. तेव्हापासून मनात धास्तीच होती. म्हटलं, पोलीस काय ते बघून घेतील."

मला संताप आला, आणि तो मी लपवला नाही. पुन्हा बसलो आणि जबाब पुन्हा लिहून घेतला.

आता प्रश्न अहवालाचा होता. पुरावा नसलेला गुन्हा पोलीस दोन वाटांनी बंद करू शकतात. कोर्टाला पाठवायच्या त्या अहवालाला समरी म्हणतात. 'क' समरी म्हणजे गैरसमजातून घडलं, दोष कुणाचाच नाही. 'ब' समरी म्हणजे फिर्यादच खोटी, आणि मग खोटी फिर्याद देणारा अडचणीत. वरून निरोप आला, 'क' पाठवा आणि मिटवा. एका पुढाऱ्यानं तर तोड काढली, की मालक, हवालदार आणि शेजारी तिघांना एका टेबलाला मिसळ खायला बसवायचं, फोटो छापायचा, विषय संपला. मी निरोप पोहोचवायला म्हणून फौंड्रीत गेलो. मालकानं हातमोजे काढून बाजूला ठेवले.

"मिसळ मी माझ्या पैशानं खातो, साहेब. माझा आजा सोलापूरकडं होता. काही केलेलं नसताना रोज चौकीत हजेरी द्यायला जायचा, जमिनीवर बसायचा. बापानं आणि मी आमचं नाव पोलिसांच्या रेकॉर्डला येऊ दिलं नव्हतं. गैरसमज झाला म्हणून लिहू नका. खोटं होतं, असं लिहा."

मी 'ब' समरी पाठवली. हवालदाराची फिर्याद खोटी आणि शेजाऱ्यांनी ओळख लपवली, असं स्वच्छ लिहिलं. वरिष्ठांनी बोलावून झापलं, खात्याची अब्रू काढलीस म्हणाले. मी म्हणालो, अब्रू त्या उंबऱ्यावर गेली, मी फक्त ती कुठं गेली ते लिहिलं. कोर्टानं समरी मंजूर केली. हवालदाराची वेतनवाढ थांबली, पोलिसांना खोटी माहिती दिल्याबद्दल शेजाऱ्यांना कोर्टात उभं राहावं लागलं, आणि माझी बदली दूरच्या जिल्ह्याच्या टोकाला झाली. ज्या गावात संस्थानाच्या काळी राजानं स्वतः या जमातींची ती चौकीतली हजेरी बंद केली होती, त्या गावात मला हे लिहिण्याबद्दल हलवलं गेलं. हलवलं तर हलवलं. या प्रकरणानं मला एकच शिकवलं आणि पुढं जाईन त्या ठाण्यात मी ते सगळ्यांना बजावलं. आधी घर कुणाचं ते विचारायचं, आडनाव सगळ्यात शेवटी.

कार्यभार सोडायच्या दिवशी सकाळी तो फौंड्रीचा मालक ठाण्यात आला. दारात थोडा थांबला. मी उठून आत बोलावलं, समोरची खुर्ची दाखवली. तो बसला, हात टेबलावर ठेवले.

"आमच्या घरातला बोलावल्याशिवाय ठाण्यात आलेला मी पहिला माणूस," तो म्हणाला. "खुर्चीत बसलेलाही पहिलाच."

मी चहा मागवला. बाहेर जीप तयार होती, माझं सामान भरून झालं होतं, चालक दोनदा डोकावून गेला. चहा संपला तरी तो उठला नाही, आणि मीही त्याला उठवलं नाही.