गप्प बसायचा मान

देशाचं प्रमुखपद मिळालं त्या संध्याकाळी डेल्फिनानं पिठाचं पातेलं इतक्या जोरात आपटलं की तिचा नवरा दचकला. इटलीनं वेढलेल्या चिमुकल्या सान मारिनो देशात हा मान सहा महिन्यांचा, तोही दोघांत मिळून. साठ जणांची संसद आपल्यातलेच दोघे निवडते. त्यात कधी दातांचा डॉक्टर असतो, कधी डेल्फिनासारखी बेकरीवाली. नाही म्हणायची सोय नाही. आणि प्रमुखानं सभा चालवायची, पण कुणाची बाजू घ्यायची नाही आणि मतही द्यायचं नाही.

घोडं नेमकं इथंच पेंड खात होतं. डेल्फिना संसदेत गेली होती ती एकाच कामासाठी. डोंगरामागच्या तिच्या गावातला दवाखाना खर्च वाचवायला बंद करायचा घाट घातला होता, आणि शेजारची म्हातारी आर्जा पायाची जखम बांधून घ्यायला रोज तिथंच जायची. तो ठराव याच सहा महिन्यांत येणार होता. प्रमुखपदासाठी डेल्फिनाचं नाव सुचवलं कुणी, तर ठराव आणणाऱ्या ओद्दोनेनंच.

"एवढा मान तुमच्या घरात आजवर कुणाला मिळालाय?" तो गोड हसून म्हणाला.

"मान कसला, तोंडाला कुलूप घातलंत तुम्ही माझ्या."

"नियम काही मी केलेले नाहीत, बाई," ओद्दोने म्हणाला. मेल्याचं म्हणणं खरंच होतं, हेच तिला जास्त झोंबलं.

काळा पोशाख, गळ्यात पदक, शिपायांचा सलाम, सगळं झालं. डेल्फिनाची मात्र झोप उडाली. पहाट व्हायच्या आत ती बेकरीत जाऊन उगाच पीठ मळत बसायची. आजारी पडावं का, चर्चेत मध्येच उठून बोलून टाकावं का, असे नाना विचार यायचे. पण शपथ घेतलेली होती, आणि शपथ मोडणारी बाई ती नव्हती. ठरावाच्या दिवशी आर्जा काठी टेकत येऊन प्रेक्षकांत बसली. डेल्फिनानं ओद्दोनेला बोलायला वेळ दिला, विरोधकांनाही तेवढाच दिला. ठराव एका मतानं पास झाला. तिचं मत धरलं असतं तर बरोबरी होऊन तो पडला असता. निकाल वाचून दाखवायचं कामही तिचंच होतं; तिनं तो वाचला.

मुदत संपली की प्रमुखांनी जे केलं आणि जे करायचं टाळलं, त्याबद्दल कुणीही नागरिक तक्रार करू शकतो. डेल्फिना त्या तक्रारीची वाट पाहत आत-बाहेर करत राहिली. कुणीतरी आपल्याला दोन शब्द सुनवावेत असं तिला मनापासून वाटत होतं. लोक येऊन हात मिळवत होते, किती निःपक्षपाती म्हणून कौतुक करत होते. ओद्दोनेही येऊन गेला.

शेवटी बसथांब्यावर तिनं आर्जालाच गाठलं. "आर्जामावशी, तुम्ही तरी करा माझी तक्रार."

"कशाची गं? तू नियमानंच वागलीस की."

आर्जाच्या पिशवीतून खालच्या शहरातल्या बेकरीची पुडी डोकावत होती. इतकी वर्षं रोजच्या दोन पियादिना, तिकडच्या पातळ भाकऱ्या, ती डेल्फिनाकडूनच न्यायची. डेल्फिनाची नजर तिथंच अडकली.

"पायासाठी रोज खाली जावंच लागतं," आर्जा पिशवी सावरत म्हणाली. "मग भाकरीही तिकडूनच आणते. तुझ्यावर राग नाही हो, पोरी."