मागच्या दिव्याचं लाल झाकण

लढाई संपली तरी आमच्या टॅक्सीचे मागचे दिवे काळेच होते. लढाईत शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून गाड्यांचे दिवे मंद करायचा हुकूम होता, पण आमच्या यजमानांचा उत्साह दांडगा. मागच्या दिव्यांची लाल झाकणं प्लास्टिकची. पुढच्या दिव्यांच्या काचांवर आणि त्या झाकणांवरही ते काळ्या ऑइलपेंटचे दोन हात फासून मोकळे झाले.

पुढच्या काचा त्यांनी थिनरमध्ये भिजवलेल्या चिंधीच्या बोळ्याने पुसल्या, लख्ख निघाल्या. मग तोच बोळा मागच्या डाव्या झाकणावर फिरवला. रंगाबरोबर प्लास्टिकही सुटलं, चिंधीचे धागे चिकटले आणि झाकण असं गढूळ होऊन बसलं की दिवा लावला तरी उजेड बाहेर येईना. खामगावात तसलं दुसरं मिळेना. उजवं काळं ते काळंच. रोज संध्याकाळी ते जानेफळच्या सवाऱ्या घेऊन निघायचे, गाडी अंधारात गडप व्हायची, आणि परतीचा हॉर्न ऐकू येईस्तोवर मला घास जात नसे. त्यात एकदा जेवताना म्हणाले, मागून ट्रक आला, टेकता टेकता राहिला. वरणात मीठ कमी आहे, अशा सुरात सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

"तो उजवा दिवा खोलून मले द्या," मी म्हटलं. "अन् थिनरची बाटली घरात दिसली नाई पाह्यजे."

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

"धुनं समजते मले."

नव्या लुगड्याचा रंग जातो का, हे आपण आधी कोपरा भिजवून पाहतो. मी तेच केलं. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवला आणि झाकणाची न दिसणारी आतली कड तेवढी बुडवली. प्लास्टिक होतं तसंच राहिलं. मग अख्खं झाकण रात्रभर भिजत घातलं.

सकाळी रंग फुगून आला होता. काथ्याने ओरखडे पडले असते, म्हणून जुन्या धोतराच्या फडक्याने हळूहळू चोळलं. पापुद्रे सुटत गेले. खाचेतला रंग चिवट निघाला, तर हे लगेच चाकू घेऊन हजर. मी त्यांना हाकललं आणि झाकण पुन्हा पाण्यात ठेवलं. दुपारी तोही निघाला. ओरखडा एक नाही. मला इतका आनंद झाला की मी ते उन्हात धरून शेजारणीलाही दाखवून आले.

संध्याकाळी दिवा बसवून ते निघाले. मी दारात उभी होते. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली, पण तो लाल ठिपका पार वळणापर्यंत दिसत राहिला. माझा जीव भांड्यात पडला. आत येऊन ताट वाढून घेतलं. हॉर्न वाजला तेव्हा मी पोटभर जेवून हात धूत होते.