गोंद सुकायच्या आधी

२००४, नवरात्रातला शुक्रवार, संध्याकाळ. चेन्नईत नुंगंबाक्कमचं आमचं घर. हजर: मी, नवरा शिरीष, सांगलीहून आलेले त्याचे वडील अण्णा, आमची चार वर्षांची ईरा आणि शेजारच्या वसंता मामी.

त्या संध्याकाळी खरं काय झालं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शिरीषलाही नाही. तुम्हाला सांगते – पण अडखळेन. मला कामं सांगायची सवय आहे, असलं काही सांगायची नाही.

ईराचा हात बेसिनच्या नळाला पुरत नसे. मी फ्रीजवरच्या यादीत लिहिलं: स्टूल. शिरीष म्हणाला, प्लॅस्टिकचं आणतो. अण्णा म्हणाले, "माझ्या नातीला प्लॅस्टिक? मी करतो." पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांना लाकडाचा नाद होता. मग बाल्कनीत आजोबा रंधा मारायचे आणि ईरा शेजारी बसून स्टुलाचा एकच पाय पॉलिशपेपरने घासायची. "हा माझा पाय," असं सगळ्यांना बजावून.

पोर अनवाणी चढणार, म्हणून खिळा मारायचा नाही, हा अण्णांचा हट्ट. पाय खाचांत बसवून गोंद भरला, वरून काथ्याची दोरी गुंडाळली आणि दोरीत काठी घालून ती पिळली. मला म्हणाले, "सूनबाई, उद्या रात्रीपर्यंत सोडायची नाही हं. इथली हवा ओली आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका यायच्या होत्या. मामींचं बघून त्या वर्षी मीही पायऱ्या रचून बाहुल्या मांडल्या होत्या – इथे गोलू म्हणतात. दुपारी मामी डोकावल्या. हॉलमधलं ते दोरीत आवळलेलं स्टूल बघून म्हणाल्या, "अय्यो, स्टुलाची मुंज लावली का?"

मीही हसले. पण ते मला लागलं. पाहुण्यांसमोर हे अर्धवट काम? बाल्कनीत सरकवता आलं असतं, नाही का? पण काम संपलेलं दिसलं की मला बरं वाटतं – मी तशीच आहे. अण्णा झोपले होते. गाठ सुटेना, तेव्हा सुरीने दोरी कापली. तुकडे कचऱ्याच्या डब्यात. पाय हलवून पाहिले, घट्ट वाटले. यादीतल्या स्टूलपुढे बरोबरची खूण केली.

सगळ्यांत आधी मामी आल्या. आणि मीच म्हणाले – हो, मीच – "ईरा, चढ बघू. वरची बाहुली तू ठेव."

पाय निखळला. तिचाच, तिने घासलेला. हनुवटी पायरीच्या कडेवर आपटली. नवा परकर रक्ताने भिजला. पोरीला उचलता उचलता शिरीष ओरडला, "अण्णा, म्हटलं होतं ना विकतचं आणतो! कशाला हवेत हे उद्योग?"

अण्णांनी स्टुलाकडे पाहिलं. त्यावर दोरी नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं? मला पुरे होईल इतका.

मी बर्फ आणायला वळले.

पाठीमागून त्यांचा आवाज आला, "चुकलं. माझाच सांधा कच्चा राहिला."

हनुवटीला टाके पडले. सकाळी अण्णांनी ईरापुढे दुधाचा पेला धरला, तर ती माझ्यामागे लपली. "वेंडाम," म्हणाली – प्लेस्कूलमध्ये शिकलेलं तमिळ, म्हणजे नको. "तू मला पाडलंस." अण्णांना तमिळ येत नव्हतं, पण त्यांनी पेला खाली ठेवला. माझा हात तिच्या डोक्यावर होता. तो मी तसाच फिरवत राहिले. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

स्वयंपाकघरात गेले तर खुंटीवर ती दोरी. डब्यातून काढलेली, धुतलेली, कापलेल्या जागी गाठ मारलेली. म्हणजे त्यांना माहीत होतं. ठरल्यापेक्षा आधीच ते सांगलीला परतले. नंतर त्यांनी रंध्याला हात लावला नाही. शिरीष म्हणतो, बरं झालं, सुबुद्धी सुचली.

ईरा आता नऊ वर्षांची आहे. हनुवटीवरच्या खुणेचं कुणी विचारलं की सांगते, "आजोबांनी स्टूल कच्चं केलं होतं." मी शेजारीच असते. दर रविवारी अण्णांचा फोन येतो. ती "हो" म्हणते, "बरी आहे" म्हणते आणि फोन माझ्याकडे देते. अण्णा मला पावसापाण्याचं विचारतात.

स्टूल माळ्यावर आहे. निखळलेला पाय त्याच दोरीने त्याला बांधून ठेवलाय. बाकीची कामं मी वेळेवर करते. ईराला सांगायचं अजून राहिलंय.