गाडीचा कौल

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींना नाही, आईला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवे होते त्या माझ्या भावाला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणे सोपे जाते आहे — हाही भित्रेपणाच. तो आधीच कबूल करून टाकते.

सुरुवात गाडीपासून करते. यंत्राविषयी बोलताना माझा आवाज स्थिर राहतो. माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, एक जुनी विलायती मोटार होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची घडण, आमच्याकडे येईपर्यंत कितीतरी हातांतून गेलेली. मालवण बंदरात मुंबईची आगबोट लागली की होड्यांतून किनाऱ्यावर उतरणारे चाकरमानी आणि त्यांच्या ट्रंका-वळकट्या घेऊन दादा मसुऱ्याकडे, आतल्या वाड्यांकडे निघे. सरकारी बस तेव्हा मोठ्या रस्त्यापुरतीच होती. आजारी माणूस हलवायचे झाले तरी दादाचीच गाडी. आणि त्या गाडीचा भरवसा नव्हता. चढणीला पाणी उकळे, मध्येच इंजिन बंद पडे. उतारू खाली उतरून ढकलत आणि ओरडत, "रे, भाडां आमी देवचां, की ढकलल्याबद्दल तू आमका देतलस?" दादा हसे. त्याला टोचलेले दिसतच नसे.

एका पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या इंजिनाच्या ओतीव भागाला चीर पडली. मिस्त्री म्हणाला, "डाग देतंय. टिकलां तर टिकलां." डाग म्हणजे चीर तापवून सांधणे. दुसरा मार्ग होता — ती मिळेल त्या भावाला विकावी आणि दादाने बेळगावात पाहून ठेवलेली, पुष्कळ बरी गाडी घ्यावी. त्यासाठी पैसे होते. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, त्याच वर्षी समुद्र सोडला होता आणि मालवाहू पडावातली आपली पाती, म्हणजे हिस्सा, विकली होती.

आणि मी होते. पदार्थविज्ञान घेऊन, पहिल्या वर्गात बी.एस्सी. होऊन घरी आलेली. एम.एस्सी.साठी मुंबईला जायचे तर वसतिगृह, फी, पुस्तके — तेही त्याच पैशातून. गाडी बदलली तर मी घरी राहणार. डाग देऊन भागवले तर मी जाणार. हे गणित घरात कुणी मोठ्याने मांडले नाही. पण प्रत्येकाला ते येत होते. मला तर फारच चांगले येत होते.

दादाने मला विचारले होते. "तुझ्या सायन्साक काय वाटतां? डाग टिकतलो?"

ओतीव लोखंड एकाच जागी तापवून जोडले की थंड होताना ते असमान आकसते आणि बहुधा जोडाच्या शेजारीच पुन्हा तडकते. हे मला ठाऊक होते. मी म्हणाले, मी काही इंजिनिअर नाही.

पुढे जे घडले ते समजण्यासाठी आमच्याकडची एक रीत तुम्हाला माहीत हवी. असा निर्णय आमच्याकडे एकट्याने घेत नाहीत. ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव फुलांच्या कळ्या पाण्यात भिजवून पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवतो आणि सर्वांच्या वतीने देवाला प्रश्न घालतो. उजवीकडची कळी आधी गळली तर होकार, डावीकडची गळली तर नकार. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी सभामंडपात बसून हे पाहत असे — भक्तीने नव्हे, गंमत म्हणून. आणि माझ्या ध्यानात आले होते की आमच्या देवळात होकारच जास्त येतो. का येणार नाही? नंदादीप उजव्या अंगाला, पाषाणाला लागून होता. त्याच्या उबेने त्या बाजूचे पाणी लवकर सुकते. पाणी सुकले की कळी सुटते. एवढेच. हा शोध मी कुणाला सांगितला नाही. का सांगितला नाही? शहाणपणाचे असे काही आपल्याजवळच ठेवण्यात एक सुख असते. तुम्ही कधी अनुभवले आहे ते?

आबा विचारणार होते, 'दुसरी गाडी घ्यावी काय?' साधा प्रश्न. त्याला होकार येणार होता.

आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. म्हणाले — अगदी सौम्यपणे म्हणाले, तो स्वर मला अजून आठवतो — आबा, नव्या वस्तूचा प्रश्न आधी कशाला? ज्या गाडीने आपल्याला अन्न दिले तिच्याविषयी आधी विचारावे. तिला ठेवायचे का, असे. आबांचे डोळे भरून आले. आईला हाक मारून ते म्हणाले, "बघ गो, चेडू इतक्या शिकलां, पण रीत इसारलां नाय."

दुसऱ्या दिवशी गुरवाने प्रश्न घातला. "बा देवा म्हाराजा, ही गाडी दुरुस्त करून ठेवची असली तर उजवो दी, इकूची असली तर डावो दी!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" दादा हात जोडून उभा होता. मीही म्हणाले — व्हय म्हाराजा.

कळी उजवी गळली. मी मुंबईला गेले.

इथे थांबता आले असते, तर हा एक अप्पलपोट्या मुलीचा चतुरपणा ठरला असता. अशा गोष्टी लोक वयावर ढकलून विसरतात. मी याच्याभोवतीच इतका वेळ घुटमळते आहे, कारण खरी गोष्ट ही नाही.

वहिनीचे पहिलटकरणीचे दिवस भरले तेव्हा मी मुंबईत होते. कळा सुरू झाल्या, सुईणीने हात टेकले, आणि दादा तिला घेऊन मालवणला निघाला. गाडी चढणीवर उकळून बंद पडली. दादा खाली धावला, व्हाळातून पाणी आणून त्याने इंजिनात ओतले, पुन्हा आणले, पुन्हा ओतले. गाडी हलली नाही. शेवटी एका बैलगाडीने ती दोघे मालवणला पोचली. वहिनी वाचली. मूल — मुलगा होता — वाचला नाही.

नाताळच्या सुटीत मी घरी आले. गाडी मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, उभी होती. मी एकटीच गेले आणि बॉनेट उघडून पाहिले. चीर होती, डागाच्या अगदी शेजारी, जशी पडायला हवी होती तशीच. तिच्या आत जुना, जाड गंज चढला होता. बाहेर नव्हे, आत. म्हणजे ती त्या दिवसाच्या बऱ्याच आधीपासून फाकत चालली होती, त्यातून पाणी झिरपत होते. पाणी कमी पडले म्हणून इंजिन उकळले. दादाने काहीही केले असते किंवा न केले असते तरी ती गाडी त्या चढणीवर थांबणारच होती. कारण आधी, कार्य मागाहून. शाळकरी मुलालाही समजावून देता येईल इतके स्वच्छ.

गावात मात्र वेगळाच शोध चालला होता. देवाने ठेवा म्हटलेली गाडी दगा कशी देईल? गुरव म्हणाला, "देव चुकना नाय, माणूस चुकता." मग चूक शोधायची ती दादाची. त्याने देवळासमोरून मासळीची टोपली नेली होती का? नवसाचा नारळ राहिला होता का? आणि दादा — तोही त्यांच्याबरोबर शोधत होता. तो आता हसत नसे.

एका सकाळी घरापुढच्या खळ्यात तो माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "देव खोटां बोलूचो नाय. मगे माझांच कायतरी चुकलां. तू शिकलंस, तू तरी सांग गो. माझां काय चुकलां?"

तुझे काही चुकले नाही — एवढे चार शब्द. पण ते उच्चारले की पुढचा प्रश्न येणार होता: मग कुणाचे? चिरीबद्दल सांगायचे तर डागाबद्दल सांगावे लागले असते, डागाबद्दल सांगायचे तर आधीपासून ठाऊक असल्याबद्दल, आणि तिथून देवळापर्यंत फार अंतर नव्हते. माझे एक वर्ष अजून राहिले होते. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. त्या क्षणी डोक्यात काय होते ते लपवायचे नाही, म्हणून सांगते.

मी म्हणाले, "तापलेल्या इंजिनात तू थंड पाणी ओतलेस. लोखंड एकदम आकसले आणि फुटले. थांबायला हवे होतेस."

नियम खरा होता. क्रम मी उलटा केला होता. 

दादाने वाद घातला नाही. उलट त्याला जरा सुटल्यासारखेच झाले. नाव नसलेल्या दोषाला नाव मिळाले होते, आणि ते विज्ञानाने दिले होते. तो नुसता स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. मग मी मान वर केली. वहिनी माजघराच्या दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

याला आता काही वर्षे झाली. मी एम.एस्सी. झाले, एका महाविद्यालयात शिकवते, संशोधनही चालू आहे. दादाने पुन्हा गाडीच्या चाकाला हात लावला नाही. काजूच्या बागेत राबतो. त्यांना मूल झाले नाही. सुटीत मी घरी जाते. वहिनी दादाला कधी वाकडा शब्द बोलत नाही. त्याच्या पानात भात वाढते, वर आमटी घालते आणि तो पहिला घास घेण्याआधी आत निघून जाते. तो जेवत असताना ती तिथे थांबत नाही — त्या सकाळपासून कधीच थांबलेली नाही. दादा खाली मान घालून जेवतो.

मी त्याच्या शेजारच्या पाटावर असते. मीही जेवते.