साइमीने जागा सांगितली

रौतूयोकी गावात डास न मारता बसू शकणारी एकच बाई होती, आणि तेवढ्यावरून गावाने तिला वेडी ठरवले होते. जुलैत हान्हीयांकाच्या दलदलीवर डास इतके की बोलायला तोंड उघडले तर जेवण होऊन जाते. अशा ठिकाणी साइमी फळ्यांच्या वाटेवर उकिडवी बसायची, शेवाळात रुतवलेल्या धातूच्या गोल कड्यावर आपली पेटी अलगद ठेवायची आणि पेटीतली हवा नळीतून यंत्राकडे जात असेपर्यंत दगडासारखी राहायची. हलायची सोय नव्हती. डासाला थप्पड मारली की फळी हलते, फळी हलली की चिखलात अडकलेले बुडबुडे सुटतात, आणि पडद्यावर सरळ चढत जाणारी मिथेनची रेघ एकदम उडी मारते. मग तो आकडा दलदलीचा राहत नाही, साइमीच्या थपडेचा होतो. धूर करून डास पळवावेत, तर धूर पेटीत शिरणार. त्यामुळे नाकावर बसलेल्या डासाला ती मनातल्या मनात शिव्या द्यायची. त्या बाबतीत तिचा हात धरणारे गावात कोणी नव्हते.

पूर्वी ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातली मुले संपत आली तशी शाळा बंद झाली. त्याच वर्षी औलू शहरातून रीका नावाची संशोधक आली आणि दलदलीतून किती वायू वर जातो हे मोजायला कोणी मिळेल का, असे विचारत घरोघर फिरली. साइमीने विचारले, काम काय? पेटी ठेवायची आणि शांत बसायचे, असे उत्तर मिळाले. शंभर पोरांचे बटाटे उकळेपर्यंत बसलेल्या बाईला हे अवघड वाटले नाही. गावाने मात्र त्याच संध्याकाळी तिचे नाव ‘पादमोजणी’ ठेवले. सगळ्यात मोठ्याने हसला तो तिचा नवरा एमिल, आणि मरेपर्यंत रोज सकाळी पेटी खांद्यावरून दलदलीपर्यंत पोचवायचा तोही एमिलच.

यंदा बर्फ फार लवकर वितळले होते. मे संपायच्या आत यंत्रावरची रेघ अशी चढू लागली की इतक्या उन्हाळ्यांत साइमीने ती तशी पाहिली नव्हती. ऑगस्टपर्यंत ही कुठे जाते ते बघायचेच, असे तिने ठरवले. आणि नेमक्या त्याच वेळी गावाने फळ्या उखडायचे ठरवले.

निमित्त रेडिओचे झाले. उत्तरेकडच्या दलदलींतून निघणारा वायू जग तापवतो, असे कोणीतरी रेडिओवर सांगितले आणि रौतूयोकीची मान खाली गेली. आपल्या आजोबांनी जिथे गवत कापले ती जागा जगाला तापवते म्हणजे काय? ही सगळी बदनामी साइमीच्या पेटीतून बाहेर पडली, असा निष्कर्ष दुकानात उभ्या उभ्या निघाला. हान्हीयांका सगळ्या गावाच्या मालकीचे. गावकऱ्यांच्या सभेपुढे ठराव येणार होता की फळ्या काढाव्यात. आणि फळ्या गेल्या की मोजणी संपली, कारण दलदलीतून चालत गेलात तर जे मोजायचे तेच पायाखाली तुडवून बाहेर काढता.

हे झाले वरवरचे कारण. खरे कारण होते हिल्ला.

हिल्ला म्हणजे ऑगस्टात दलदलीवर पिकणारे पिवळेधमक फळ, आणि रौतूयोकीचा एकमेव खरा धर्म. इथली माणसे आपले आजार सांगतील, बायकोशी झालेले भांडण सांगतील, जरा पाजलीत तर देवाबद्दलच्या शंकाही सांगतील. हिल्ला कुठे सापडते ते सांगणार नाहीत. बाप मरताना एकाच पोराच्या कानात सांगतो, आणि तेही ओढ्याची दिशा जरा चुकवून. फळे तोडायला जाणारा माणूस बादली कोटाखाली लपवून उत्तरेला निघतो, टेकडीआड वळतो आणि दक्षिणेला जातो. सगळ्यांना हे माहीत असते, कारण सगळेच टेकडीआड एकमेकांना भेटतात. भेटले की हवापाण्याबद्दल बोलतात.

फळ्यांची वाट साइमीचा थोरला भाऊ तौनो याच्या हिल्लाच्या जागेजवळून जात होती. तो हे अर्थातच बोलला नव्हता. तो म्हणायचा, फळ्या पाहून पर्यटक येतील. इतक्या वर्षांत पर्यटक आला होता एकच, तोही रस्ता चुकून.

जूनमधली सभा अग्निशमन केंद्रात भरली. बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. रीका बाहेर तिच्या गाडीत बसली; गावच्या जमिनीत ज्याचा वाटा नाही त्याला सभेत जागा नाही. आधी कॉफी झाली, मग रिवाजाप्रमाणे कॉफीत बुडवून चीज झाले. शेवटी अध्यक्ष एन्सिओ खाकरला आणि म्हणाला की विषय फळ्यांचा आहे, कोणाला काही म्हणायचे आहे का.

साइमी उठली. “माझा एमिल जन्मभर घोरला. मी नुसतं ऐकलं. मी ऐकायला लागले म्हणून तो घोरायला लागला असं म्हणणार का तुम्ही?”

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. एन्सिओ म्हणाला, “प्रश्न घोरण्याचा नाही, साइमी. तू ते जगाला सांगत सुटलीस.”

“जगालाही झोप लागत नाहीये, एन्सिओ. त्याला कळू दे की आवाज कुठून येतो. दलदल तुझ्या आज्याच्या आधीपासून वारा सोडते आणि त्याहून कितीतरी जास्त पोटात दाबून ठेवते. दोन्ही मोजल्याशिवाय तू तिची बाजू तरी कशी घेणार?”

“साइमे, खाली बस,” तौनो म्हणाला. “फळ्या जाणार. उगाच शोभा करू नकोस.”

“पर्यटक येतात म्हणून ना, दादा?”

“पर्यटक येतात म्हणून.”

साइमीने सभेवरून नजर फिरवली. सगळ्यांचे डोळे कपात. मग ती म्हणाली, “मोठ्या ओढ्यापलीकडे, वाकड्या पाइनच्या डावीकडे, गवत वाळवायच्या जुन्या मांडवाखाली. ही माझी हिल्लाची जागा.”

चमचा पडल्याचा आवाज आला. एका म्हातारीने छातीवर हात ठेवला. अग्निशमन केंद्रात इतकी भीती आग लागली तेव्हाही पसरली नव्हती.

“माझी सांगून झाली,” साइमी म्हणाली. “आता ऐका. मी इतके उन्हाळे फळ्यांवर न हलता बसलेय. न हलणाऱ्या बाईला तुम्ही झुडूप समजता. पण झुडपाला डोळे आहेत. कोण कुठे वाकतं ते मी पाहिलंय, आणि तुमची पाठ मी तुमच्या तोंडापेक्षा नीट ओळखते. एन्सिओ, तुझ्यापासून सुरू करू की दादापासून?”

एन्सिओने तातडीने मतदान घेतले. फळ्या राहिल्या. विरोधात एकच हात वर गेला, तौनोचा, आणि तो त्याने शेवटपर्यंत खाली घेतला नाही. त्या घरात हट्ट एकट्या साइमीच्या वाट्याला आला नव्हता.

सभेनंतर पुन्हा कॉफी झाली. साइमी रीकाच्या गाडीकडे गेली तसा तौनो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “ओढ्यापलीकडे बेडकालाही काही मिळत नाही. माझ्या बहिणीने तुम्हाला बनवलं.” सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खरेच की, हिल्लाची खरी जागा कोणी सांगते का?

उन्हाळा तापला. रेघ चढतच राहिली आणि ऑगस्टात कधी नव्हे तिथे जाऊन पोचली. साइमीने आकडे होते तसेच रीकाच्या स्वाधीन केले. ते ऐकून दुकानात लोक म्हणाले, ही बाई जागेबद्दल खोटे बोलते, मग वायूबद्दल काय बोलत असेल.

हे तिला फार लागले. त्याच दिवशी ती ओढ्यापलीकडे गेली. मांडवाखाली जमीन दिसत नव्हती इतकी हिल्ला पिकली होती, आणि एकाही फळाला कोणाचा हात लागला नव्हता. दुसरी बाई सुखावली असती. साइमी संतापली. तिने आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट भर सभेत देऊन टाकली होती आणि घ्यायला कोणी आलेच नव्हते.

ती तडक तौनोच्या अंगणात गेली. तो सरपण रचत होता.

“तुला माहीत होतं मी खरं बोलले.”

“होतं.”

“ती जागा आईने फक्त मला दाखवली होती.”

“मी मागून आलो होतो. झाडाआड होतो.” तौनोने आणखी एक लाकूड नीट बसवले. “फळ्यांवरून भांडलो, ते भांडलो. पण आईच्या जागेवर एन्सिओ बादली घेऊन उतरलेला मला बघवला नसता.”

साइमीने ढिगातले एक लाकूड सरळ केले. मग म्हणाली, “दुकानात जाऊन सांग की मी खरं बोलले.”

“मरेन, पण सांगणार नाही.”

“मग बादली घे. मोठी.”

“कुठे जायचंय?”

“जागेवर. रस्त्याने. टेकडीआड वळायचं नाही.”

तौनोने तिच्याकडे असे पाहिले की जणू ती त्याला कपडे काढून चर्चमध्ये यायला सांगत होती. पण थोड्या वेळाने भरदुपारी रौतूयोकीच्या मुख्य रस्त्यावरून दोघे म्हातारे बहीण-भाऊ बादल्या हातात उघड्या धरून ओढ्याच्या दिशेने निघाले. खिडक्यांचे पडदे हलले. दुकानाच्या पायरीवर एन्सिओ उभा होता. साइमी मुद्दाम थांबली, बोटाने वाकडा पाइन दाखवला आणि म्हणाली की तिकडेच चाललोय, पोटभर आहे, ये.

एन्सिओने बराच वेळ विचार केला. इतका खोल डाव त्याने जन्मात पाहिला नव्हता. मग घरात जाऊन त्याने बादली आणली, कोटाखाली घातली आणि तो नेमका उलट्या दिशेला निघाला. त्याच्या मागून हळूहळू बाकीचे गाव.