पंचफुलाचा पार

शिवशंकर पुण्यात झाडांवर चढतो, एवढंच गावाला माहीत होतं. चारठाण्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या त्या गावात कुणी खोदून विचारलं, तर तो म्हणायचा, "झाडाचा दवाखाना हाय आमचा." लोक हसायचे. इथं माणसाला दवाखाना मिळेना आणि याच्या झाडाला मिळाला.

त्याआधी कैक हंगाम त्यानं आणि त्याच्या बायकोनं, दैवशालानं, ऊस तोडला होता. एका वर्षी हंगाम संपता संपता अवकाळी वारं सुटलं आणि फडाच्या वाटेवरचा वड अर्धा मोडून रस्त्यावर टेकला. उसाच्या गाड्या अडल्या. मग पुण्याहून माणसं आली. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टे, खांद्यावर दोराची वेटोळी. शिवशंकर कोयता खाली ठेवून बघत राहिला. कापायला आलेली ही माणसं आधी वडाभोवती फिरली, सालीवर हात फिरवला, आणि काय ठेवायचं ते ठरवलं. ऊस तोडताना काय ठेवायचं हा प्रश्नच नसतो. त्यांचा दोर वरच्या फांदीत अडकला तेव्हा तो न सांगता चढला आणि सोडवून आला. पुढच्या हंगामात त्यानं टोळीत नाव दिलं नाही. पुण्याची गाडी धरली आणि त्याच माणसांत कामाला लागला.

काम हाताला लवकर बसलं. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे पडताना ती साल ओरबाडत नाही. बुडाशी फांदी जिथं सुजल्यासारखी असते, तो भाग झाडालाच ठेवायचा. जखम तिथूनच भरून येते. हे सगळं तो फोनवर दैवशालाला सांगायचा. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पुण्याच्या झाडायला मानूस हाय. आमाला न्हाई."

ती म्हणायची त्यात खोटं नव्हतं. कोयता त्याला अर्धं वर्ष घराबाहेर ठेवायचा, पण सोबत बायको असायची. दोरानं वर्षभर बाहेर ठेवलं आणि एकट्याला. सोसायटीच्या गुलमोहरावर लोंबकळत असताना त्याच्या मनात एकच यायचं: आपल्या मुलखात एक झाड मिळावं. एक झाड वाचवून दाखवलं की जिंतूर, सेलू, देवगाव फाट्यापर्यंतची माणसं बोलावतील, आणि संध्याकाळी आपल्या घरी जेवता येईल.

दिवाळीत तो गावी आला तेव्हा टोळीचे मुकादम माणिकराव स्वतः घरी आले. टोळी निघायच्या तयारीत होती.

"शिवा, पिंपळ वरून वाळायलाय. सुकल्या फांद्या तेवढ्या उतरून दे. लेकरं खाली खेळत असत्यात."

हा पिंपळ म्हणजे शिवशंकरच्या आईचा, पंचफुलाचा. टोळ्या निघाल्या की मागं राहिलेली गावची लेकरं ती या झाडाखाली सांभाळायची. भरवायची, भांडणं मिटवायची, कुणाला माय आठवली की पदराखाली घ्यायची. ती गेली तेव्हा शिवशंकर आणि दैवशाला कोल्हापूरकडं फडात होते. येईपर्यंत राख सावडून झाली होती. त्या वर्षी टोळीनं परतल्यावर पिंपळाला पार बांधला. मुरूम भरला, वर सिमेंट ओतलं, फरशी बसवली, आणि पुढच्या बाजूला काळ्या दगडावर नाव कोरलं: कै. पंचफुलाबाई. आधार कार्डाशिवाय तिचा फोटो कुठं नव्हता. गावात उतरला की शिवशंकर घरी जाण्याआधी त्या दगडाला पाठ टेकून बसायचा.

तो झाडाभोवती फिरला. वरची पानं बारीक झाली होती, शेंडे काळे पडले होते. लाकडी हातोडीनं त्यानं खोड ठोकून पाहिलं. आवाज भरीव होता. मग त्याची नजर खाली गेली. फरशी थेट सालीला भिडवलेली होती. बोट घालायला जागा नव्हती.

"तात्या, फांद्या काढून काय व्हनार न्हाई," तो म्हणाला. "पारानं मुळ्याचा दम कोंडलाय. पार फोडावा लागंल."

माणिकरावांनी काळ्या दगडाकडं बोट केलं. "तुझ्या मायचं नाव हाय त्याच्यावर."

"हाय ना."

"आमी घाम गाळून बांधला. पुण्याला जाऊन हेच शिकलास का? न्हाई जमत तर सांग, दुसरा मानूस बघतो."

शिवशंकर घरी येऊन ओसरीवर बसला. फांद्या उतरवल्या असत्या तर सगळे खूश झाले असते. गावानं त्याला चढताना पाहिलं असतं, वाहवा केली असती. झाड आणखी दोन-तीन वर्षं ओढत राहिलं असतं. आणि खरं सांगायचं, तर त्यालाही तो दगड हलवायचा नव्हता. माय दुसरीकडं कुठं उरलीच नव्हती.

"तुमी कामून असं बसलाव?" दैवशालानं विचारलं. त्यानं सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती.

"आत्या पारावर बसत व्हत्या का?" ती म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची.

"म्हंजी?"

"पार व्हताच कुठं तवा? मातीत बसत व्हत्या. त्या पोटरीवानी जाड मुळीला टेकून. तुमी टेकता तो दगड तर टोळीनं आनला जिंतूरहून."

त्यानं ताट तसंच ठेवलं आणि माणिकरावांचं घर गाठलं. तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, आपल्याकडून काही जोडलं नाही. माणिकराव तंबाखू मळत होते. मळतच राहिले. शेवटी म्हणाले, "सुपारी ठेव आज. पिंपळाचं काम हाय, मुंजाला सांगून करावं."

"मुंजा जाईल कुठं, तात्या?"

"जाईल तुझ्यासंगं पुण्याला. तिकीट तूच काढ."

संध्याकाळी झाडाच्या बुडाशी सुपारी आणि तांदूळ ठेवले. सकाळी नावाचा दगड माणिकरावांनी स्वतः छिन्नी लावून, कुणाला हात न लावू देता, सोडवला आणि घरी नेला. मग पहारी सुरू झाल्या. मुळ्यांजवळ आल्यावर शिवशंकरनं सगळ्यांना थांबवलं आणि मुरूम खुरप्यानं, मग हातानं काढला. काही मुळ्या काळ्या, भिजक्या वासाच्या निघाल्या. काही आतून अजून ओल्या होत्या. दुपारनंतर जुनी जमीन लागली आणि त्या जमिनीवर ती मुळी. एका जागी तिची साल झिजून, वापरून वापरून, गुळगुळीत झालेली होती. शिवशंकरनं तिथली माती तळहातानं पुसली आणि तळहात तिथंच ठेवला.

शेणखत आणि पालापाचोळा अंथरून, पाणी किती घालायचं ते सांगून तो पुण्याला परतला. टोळी निघून गेली. मागं राहिलेली लेकरं आता दैवशालाकडं असतात, त्याच झाडाखाली.

माघ सरला तरी फोनवर रोज एकच बोलणं.

"आज?"

"न्हाई अजून."

गावात कुणी म्हणालं, शिवानं मायचा पार बी घालवला आणि झाड बी. तेही तिनं सांगून टाकलं. लपवलं नाही. फोन ठेवल्यावर तो पुण्यातल्या कुठल्याशा झाडावर, दोरात तसाच बसून राहायचा, खालून कुणी हाक मारेपर्यंत.

फाल्गुनात एका दुपारी तिनं व्हिडिओ लावला. आधी आभाळ दिसलं, मग कुण्या लेकराचं डोकं, मग फांदी. खालची फांदी होती. तिच्यावर तांबूस, ओलसर, कोवळी पानं.

"अजून वर धर," तो म्हणाला.

तिनं फोन वर धरला. शेंडा काळाच होता.

"वरचं न्हाई वाचलं," ती म्हणाली.

"न्हाई वाचायचं ते. वाळलेलं काढावं लागंल, न्हाई तर लेकरायवर पडंल."

"मंग कुनाला सांगू?"

पुण्यातल्या एका झाडावर, पट्ट्यात बसल्या बसल्या, त्यानं खाली उतरायला दोर मोकळा केला.

"कुनाला चढू देऊ नको," तो म्हणाला. "मी यायलोय."