कोरड्या विहिरीवरची दुपार

पोलम्मा माझी विद्यार्थिनी होती आणि मी सर्वांत जास्त ऋणी तिचाच आहे. घरात मेणबत्ती विझली की त्या धुराच्या वासानं वणीच्या शाळेतली एक दुपार अजूनही अंगावर येते.

घरातला मी पहिला पदवीधर. नववीला इंग्रजीतून विज्ञान शिकवायचो. खाणीवर कामाला आलेल्या तेलुगू बापाची ही मुलगी वर्गात कधी बोललीच नाही. शाळेच्या कोरड्या विहिरीत बादली पडली, म्हणून मी उतरायला निघालो, तर तिनं माझा सदरा घट्ट धरला.

"वद्दु, सर! वद्दु!" नको, नको.

"सोड वं सरले," शिपाई नामदेवभाऊ हसले. "खाली भूत हाय का?"

तिनं प्रयोगाची मेणबत्ती डब्यात पेटवून दोरानं खाली सोडली. वारा नव्हता. अर्ध्यावर ज्योत विझली, जणू खालून कुणी हळूच फुंकर घातली. तिनं पुन्हा पेटवली. पुन्हा तिथंच विझली. नामदेवभाऊ मागे सरकले.

खाली कार्बन डायऑक्साइड साचला होता. हा प्रयोग मीच आठवड्यापूर्वी शिकवला होता. आज वाटतं, त्या वर्गात तो कळला होता तो फक्त तिला.

ती गावी परतल्यावर मी तेलुगूत लिहून घेऊन पत्र पाठवलं: "पोलम्मा, तोंडी परीक्षेत मी तुला शून्य दिलं होतं. माझं चुकलं."